तीन चकत्यांकडून एका चकतीकडे : माउंटन बाइकच्या गिअरचा इतिहास

१/ माउंटन बाइकच्या पॅडलजवळ एकेकाळी तीन दातेरी चकत्या असत. आज बहुतेक नव्या सायकलींना एकच असते. वरवर पाहता ही माघार वाटते. प्रत्यक्षात ‘गिअर नेमके कोणासाठी?’ या शतकभर जुन्या वादाचे हे उत्तर आहे. #धागा

२/ फ्रान्समधील सेंत-एत्येनचे पॉल द विव्ही ऊर्फ ‘वेलोसिओ’ यांनी अनेक गिअरांचा आयुष्यभर पुरस्कार केला. सामान्य माणसालाही सायकलवर घाट चढता यावा, ही त्यांची तळमळ. ‘तूर द फ्रान्स’चे जनक आंरी देग्रांज यांना मात्र गिअर म्हणजे दुबळेपणा वाटे. पंचेचाळिशी उलटलेल्यांनी ते वापरावेत, असे त्यांनी १९०२ साली लिहिले.

३/ तूरमध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. तोवर स्पर्धक घाटाच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या चकतीवर साखळी चढवत.

४/ आता कॅलिफोर्निया. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ ‘रीपॅक’ शर्यत सुरू झाली : सुमारे ३ किलोमीटरमध्ये ४०० मीटरांचा उतार! अनेक सायकली दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या, जड, उलट्या पॅडलने लागणाऱ्या ब्रेकच्या. उतरताना हबमधले ग्रीस जळून जाई आणि पुन्हा भरावे लागे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले.

५/ उताराला गिअर लागत नव्हते; प्रश्न चढाचा होता. म्हणून गॅरी फिशर आदी मंडळींनी या धुडांना डिरेलर जोडले. १९८१ साली ‘स्पेशलाइज्ड’ने बाजारात आणलेल्या ‘स्टम्पजम्पर’ला पुढे ३ आणि मागे ५, असे १५ गिअर होते. मागे मोजक्याच चकत्या मावत असल्याने पुढे तीन ही त्या काळची खरी गरज होती.

६/ पुढे गरजेचे आकड्यांत रूपांतर झाले : १८, २१, २४, २७! पण २७ गिअर म्हणजे २७ वेगळे वेग नव्हेत. पुढे ४२ व मागे २६ दाते घेतले, तर गुणोत्तर १.६२, पुढे ३२ व मागे २० घेतले, तर १.६०. पायांना फरक जाणवतच नाही. नवख्या स्वाराच्या वाट्याला मात्र दोन खटके, त्यांचा गोंधळ आणि ऐन चढावर निसटणारी साखळी येई.

७/ २०१२ साली ‘स्रॅम’ने ‘एक्सएक्स१’ संच आणला. मागे १० ते ४२ दात्यांच्या ११ चकत्या, साखळी धरून ठेवणारे एकाआड एक जाड-बारीक दाते आणि साखळी ताणून धरणारा क्लचयुक्त डिरेलर. पुढचा डिरेलर गेला, त्याचा खटकाही गेला. परंतु हा महागडा संच शर्यतपटूंसाठी होता. त्याच कंपनीचा स्वस्त ‘एनएक्स’ २०१६ साली आला. २०२० साली ‘शिमानो’च्या मध्यम किमतीच्या ‘देओरे’मध्ये मागे १० ते ५१ दात्यांच्या १२ चकत्या आल्या.

८/ हिशेब पाहा. जुन्या तीन चकत्यांचा सर्वांत हलका गिअर : पुढे २२, मागे ३४, गुणोत्तर ०.६५. नव्या एका चकतीचा : पुढे ३२, मागे ५१, गुणोत्तर ०.६३. म्हणजे चढावर काहीच गमावलेले नाही.

९/ किंमत मोजावी लागते ती अन्यत्र. दोन गिअरांमधली पायरी थोडी मोठी होते आणि सपाटीवरचा कमाल वेग कमी होतो. तरीही ३२ व १० दाते, २९ इंची चाक आणि मिनिटाला ९० फेरे धरले, तर ताशी सुमारे ४० किलोमीटर मिळतात. हौसेने रानवाटेवर जाणाऱ्याला याहून अधिक वेगात पॅडल मारण्याची वेळ क्वचितच येते.

१०/ देग्रांज यांना गिअर नसलेली सायकल हवी होती, कारण तिने स्वाराचा कस लागे. आजची एक चकती दिसायला तशीच साधी. पण तिच्यामागे उभी आहे वेलोसिओंची इच्छा : घाट कोणालाही चढता यावा.