फिरत्या घोड्यांची जपणूक

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की गडकोट, तह, सनदा आणि ताम्रपट यांची अपेक्षा केली जाते. आज मी आपणांस मुलांच्या एका खेळण्याचा इतिहास सांगणार आहे. आपल्या जत्रांतून लाकडी घोड्यांची चक्री फिरते. चार आणे, आठ आणे देऊन आपण सर्वच केव्हातरी तीत बसलो आहोत आणि उतरल्यावर भोवळ येऊन आईचा पदर धरला आहे. तिला शहरांत मेरी-गो-राउंड म्हणतात. असली वस्तू कोणी जपून ठेवावी काय, आणि ठेवायची तर तिच्यातले नेमके काय, असा हा प्रश्न आहे.

या खेळण्याचा जन्म लष्करी आहे. फ्रान्समध्ये घोडेस्वारांच्या कवायती होत, त्यांना ‘कारूझेल’ म्हणत. १६६२ साली चौदाव्या लुईने पॅरिसमध्ये असा एक प्रचंड सोहळा केला. तो जेथे झाला त्या चौकाला आजही तेच नाव आहे. भरधाव घोड्यावरून टांगलेले कडे भाल्याच्या टोकाने उचलायचे, हा त्यातील एक खेळ. त्याच्या सरावासाठी खांबाभोवती फिरणारे लाकडी घोडे आले. पुढे सरदार गेले, भाले गेले, घोडे तेवढे मुलांच्या वाट्याला आले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील किंग्ज लिन गावच्या फ्रेडरिक सॅव्हेजने त्यांना वाफेच्या यंत्राची जोड दिली आणि घोडे नुसते फिरत होते ते खालीवर उसळूही लागले.

एक गंमत सांगतो. इंग्लंडातली चक्रे घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात, अमेरिकेतली उलट. त्यामुळे अमेरिकन घोड्याची उजवी बाजू बघ्यांकडे येते. कारागीर सारी नक्षी, आयाळीचे झुपके, रंगीत काचा त्या बाजूला ओततो आणि डावी बाजू साधीच ठेवतो. पाहणाऱ्याला दिसते तेवढेच सजवावे, हा व्यवहार सुतारालाही चुकलेला नाही!

अमेरिकेत ही चक्रे हजारोंच्या संख्येने झाली. पण १९७० नंतर जुन्या लाकडी घोड्यांना संग्राहकांकडून मोठाल्या किमती येऊ लागल्या, आणि तेथेच खरे संकट उभे राहिले. अखंड चक्रापेक्षा सुटे घोडे विकण्यात पैसा अधिक. वाडा पाडून त्याचे सागवानी खांब विकण्याचा धंदा आपण पाहिला आहे. तोच हा प्रकार. घोडा दिवाणखान्यात जातो, त्याचा सांगाडा भंगारात जातो, आणि खेळणे नाहीसे होते. मार्थाज व्हिनयार्ड बेटावर १८७६ साली बनवलेले, वीस घोड्यांचे एक चक्र आहे. तेही असेच फुटायच्या बेतात होते, तेव्हा १९८६ साली तेथील जतन संस्थेने ते संपूर्ण विकत घेतले. मुले आजही त्यावर बसून हात लांबवतात आणि कडे खेचतात. लुईच्या स्वारांचा भाला गेला, पण कडे राहिले आहे.

ओहायोतील यंगस्टाउनच्या आयडोरा पार्कची हकीगत आणखी निराळी. तेथील चक्र १९२२ सालचे, अठ्ठेचाळीस घोड्यांचे. १९८४ साली बागेला आग लागली, बाग बंद झाली आणि चक्र लिलावात निघाले. जेन वॉलेंटास व त्यांच्या पतीने ते ३,८५,००० डॉलर्सना अखंड घेतले. नंतर या बाईंनी लहानशा चाकूने एकेका घोड्यावरचे रंगांचे थर खरवडले. साठ वर्षांत कोणीतरी वर रंग फासलेलाच होता! तळाचा मूळ रंग सापडला की त्याची नोंद करायची आणि तसाच रंग पुन्हा द्यायचा, या कामात वीसेक वर्षे गेली. २०११ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात नदीकाठी ते पुन्हा फिरू लागले. काम निःसंशय थोर आहे. पण माझ्या मनात एक शंका राहते : यंगस्टाउनच्या गिरणीकामगारांची पोरे ज्या घोड्यांवर बसत, तो मधला, मळकट रंगही इतिहासच नव्हता काय? पहिला थर तेवढा खरा आणि पुढचे सारे उपरे, हे मी सहजासहजी मान्य करणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बाल्टिमोर शहराजवळ ग्विन ओक नावाची करमणुकीची बाग होती. तेथील चक्र १९४७ सालचे, ॲलन हर्शेल कंपनीने बनवलेले. कारागिरीच्या दृष्टीने ते फार मोठे नव्हे. मात्र त्या बागेत काळ्या माणसांना प्रवेश नव्हता. काळे मूल कुंपणाबाहेरून बाजा ऐकू शके, आत जाऊ शकत नसे. अनेक वर्षे निदर्शने चालली. १९६३ सालच्या ४ जुलैला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनीच, तेथे २८३ जणांना अटक झाली. त्यांत ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, ज्यू धर्मगुरू होते. तीन दिवसांनी आणखी धरपकड झाली. अखेर मालक नमले आणि २८ ऑगस्टपासून बाग सर्वांना खुली करण्याचे ठरले.

त्या दिवशी शॅरन लँगली नावाची अकरा महिन्यांची काळी मुलगी बापाच्या आधाराने घोड्यावर बसली. शेजारच्या घोड्यांवर गोरी मुले होती. आणि त्याच दिवशी, साठेक किलोमीटरवर, वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग लाखो लोकांपुढे भाषण करीत होते. महाडच्या तळ्याची, १९२७ सालच्या मार्चची आठवण आपल्याला येथे झाल्यावाचून राहात नाही. तेथे प्रश्न पाण्याचा होता, येथे लाकडी घोड्याचा. पण दोन्ही ठिकाणी ‘सार्वजनिक’ या शब्दाचाच अर्थ पणाला लागला होता.

१९७२ साली ॲग्नेस वादळाच्या पुराने ग्विन ओकची वाताहत केली आणि बाग कायमची बंद पडली. चक्र वाचले. १९८१ साली ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हिरवळीवर, स्मिथसोनियन संग्रहालयाच्या दारात बसवले गेले. किंग ज्या हिरवळीच्या टोकाला बोलले होते, तिच्यावरच ते येऊन फिरू लागले. त्यातील एका घोड्यावर शॅरनचे नाव घातलेले आहे.

अशा वस्तूची जपणूक काचेआड होत नाही, ही यातील अडचण आहे. फिरवले तर ती झिजते, थांबवली तर ती चक्रच उरत नाही. मुलांचे बूट रंग खातात, ऊनपाऊस लाकूड फाडतात, दात्यांची चाके घासतात. म्हणून दर काही वर्षांनी सुटे करून दुरुस्त करणे क्रमप्राप्त असते. २०२३ साली ते चक्रही दुरुस्तीसाठी उतरवून नेले. घोडे एकेक करून मोटारींत चढवले, आणि या वेळी त्यांना विकण्यासाठी कोणी सुटे केले नव्हते.