सिरोंच्याला समुद्र होता का?

सिरोंच्याहून प्राणहितेच्या काठाने वर गेले की कोटा नावाचे गाव लागते. तिथल्या ज्युरासिक काळातल्या चुनखडकात मासे मिळाले आहेत, तेही खवल्यांसकट. एगर्टन या इंग्रज अभ्यासकाने १८५१ मध्ये त्यातल्या एका जातीला 'डेक्कनेन्सिस', म्हणजे दख्खनचा, असे नाव दिले. मासे म्हटले की माणूस विचारतोच, मग इथे समुद्र होता की काय? मलाही तोच प्रश्न पडला होता. उत्तर शोधताना मला मासे सोडून मसुरीएवढ्या शिंपल्यांकडे जावे लागले.

अशा शिंपल्या युरोपातही मिळत. त्यांना बराच काळ 'पोसिडोनोमिया' या समुद्री शिंपल्याच्या गोतात बसवले जाई. टी. रूपर्ट जोन्स यांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. वरून शिंपलीच, पण कवचाची वीण निराळी. हा तर दोन झडपांत राहणारा, झिंग्याचा दूरचा भाऊबंद! त्याचे आजचे नातलग बहुतेक डबक्यातळ्यांत राहतात, क्वचित मचूळ पाण्यात. खुल्या समुद्राचा पुरावा म्हणून तो चालेना. १८६२ च्या ग्रंथात जोन्स यांनी त्याच्या दोन जातींना आपल्याकडची नावे दिली: 'एस्थेरिया कोटाहेन्सिस' आणि नागपूरच्या दक्षिणेकडच्या मांगलीवरून 'मांगलिएन्सिस'. (पुढे 'एस्थेरिया' हे नाव आधीच एका माशीला दिलेले निघाले, तो घोळ वेगळाच.) कोट्याचा चुनखडक सरोवरात साचला, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

या साऱ्यामागे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप होते. हिस्लॉप कॉलेजमुळे नाव सर्वांना ठाऊक आहे. ते दगडच गोळा करीत असे नाही, नागपूरच्या पाण्यातले जिवंत किडेही लंडनला पाठवत. त्यातल्या एका झडपवाल्याला बेअर्ड यांनी १८५९ मध्ये 'हिस्लोपी' म्हटले.

पुढे नॉर्वेच्या जी. ओ. सार्स यांनी ऑस्ट्रेलियातून आलेला वाळका चिखल काचपात्रात पाण्यात भिजवला. त्यातून इवले जीव वळवळू लागले. नीट पाहिले तर ते आपले नागपूरचेच! आई पिलांना कवचातच वाढवते, हेही त्यांनी पाहिले आणि १८८७ मध्ये त्या जिवाला 'सायक्लेस्थेरिया' हे नवे कुळनाव दिले.

हिस्लॉप यांना यातले काही कळले नाही. जोन्सचा ग्रंथ निघाल्यावर पुढच्याच वर्षी, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, टाकळघाटजवळ ओढ्याच्या पाण्यात ते बुडाले होते.