वेक सर्फिंग: दोरी सोडली तरी माणूस बोटीमागे कसा सरकतो? आणि धोका नेमका कुठे?

रीलमध्ये तुम्ही हे पाहिलं असेल. बोट पुढे चाललीय, मागे एक जण बोर्डवर उभा आहे, हातात दोरी नाही, तरी तो बोटीच्या मागोमाग येतोय. कमेंटमध्ये कोणीतरी हमखास ‘एडिट आहे’ म्हणतं. एडिट नाही, हे वेक सर्फिंग आहे. ते कसं चालतं हे कळलं की धोके कुठून येतात तेही कळतं, म्हणून मी दोन्ही एकत्र सांगतोय.

दोरीशिवाय पुढे कसं जातात?

बोट पाणी बाजूला ढकलते आणि मागे लाटा उठतात, त्या लाटा म्हणजे वेक. वेकबोर्डिंगमध्ये पाय बोर्डला बांधलेले असतात आणि दोरी तुम्हाला ओढत राहते. वेक सर्फिंगमध्ये पाय मोकळे असतात. साधारण ६ मीटरची आखूड दोरी फक्त उभं राहण्यापुरती धरायची आणि लाटेवर जम बसला की सोडून द्यायची.

पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं. रायडर लाटेच्या उतारावरून सतत खाली घसरत असतो, पण तो उतारही बोटीच्या वेगाने पुढे सरकत असतो. घसरगुंडीच पुढे पळत राहिली तर तुम्ही तळाला कधी पोचणारच नाही, तसंच हे.

एवढी मोठी लाट येते कुठून?

बोटीचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, ताशी साधारण १६ ते २० किलोमीटर. या वेगात बोटीचा मागचा भाग पाण्यात खोल बसतो आणि जास्त पाणी ढकलतो. शिवाय पंपाने टाक्यांमध्ये पाणी भरून बोट आणखी जड करतात, याला बॅलास्ट म्हणतात. १,००० लीटर पाणी म्हणजे थेट १ टन वजन! मागच्या हलत्या पट्ट्या लाटेला डावीकडे किंवा उजवीकडे आकार देतात. नव्या बोटींत हे सगळं टचस्क्रीनवर सेट होतं आणि जीपीएस वेग कायम राखतं.

धोका कुठे आहे?

चांगली लाट बोटीच्या अगदी जवळ असते. प्रोपेलर आणि इंजिनाचा धूरही तिथेच.

१. प्रोपेलर: वेक सर्फिंगच्या बोटीत इंजिन आत आणि प्रोपेलर बोटीच्या तळाखाली, मागच्या टोकापासून आत असतो. आउटबोर्ड मोटरचा प्रोपेलर मात्र मागे उघडा असतो. तारकर्ली किंवा गोव्यात वॉटर स्पोर्ट्सच्या बऱ्याच बोटींना अशीच मोटर असते. बोटवाला ‘काही होत नाही’ म्हणाला तरी तिच्यामागे हा प्रयोग करायचा नाही.

२. कार्बन मोनॉक्साइड: या वायूला रंग नाही, वास नाही. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ ही लक्षणं ऊन लागल्यासारखीच वाटतात, म्हणून दुर्लक्ष होतं. पाण्यात शुद्ध गेली तर माणूस बुडतो. चालू बोटीच्या मागच्या फळीला लटकण्यावर कॅलिफोर्नियात २००५ पासून कायद्याने बंदी आहे, ती याच कारणामुळे.

३. जास्त वजन: बॅलास्ट आणि माणसं मिळून मर्यादा ओलांडली तर बोटीत पाणी शिरू शकतं. पुढे गर्दी केली आणि बोट स्वतःच्याच लाटेवर गेली तर पाणी पुढून आत येतं.

४. इतरांना त्रास: या लाटा किनारा झिजवतात आणि छोट्या होड्या हलवून टाकतात. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने २०२४ मध्ये नियम केला: किनाऱ्यापासून किमान ५०० फूट, म्हणजे सुमारे १५० मीटर लांब आणि किमान २० फूट खोल पाण्यातच वेक सर्फिंग करायचं.

जाण्याआधी हे बघा

– लाइफ जॅकेट मापाचं आणि घट्ट हवं. पोहता येत असलं तरीही.
– चालकाशिवाय दुसरा माणूस फक्त रायडरकडे बघायला हवा. तो मोबाइलवर शूट करत असेल तर तो लक्ष ठेवत नाहीये.
– दोरी हाताला गुंडाळू नका.
– रायडर बोटीत चढताना इंजिन पूर्ण बंद. न्यूट्रल चालणार नाही, कारण धूर येतच राहतो आणि चुकून गिअर पडू शकतो.

पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: प्रोपेलर कुठे आहे? ‘मागे’ असं उत्तर आलं तर त्या बोटीमागे सर्फिंग नको.