चिरलेल्या हाडाची नोंद



आपण वणीकर सप्तशृंगीच्या पायथ्याशी राहणारी माणसे. चैत्रोत्सवाला खानदेशातून अनवाणी चालत गडावर येणारे भाविक आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईस पोहोचला, त्यातही आपल्या दिंडोरी, सुरगाणा, कळवण भागातली माणसे होती. त्यांच्या तळव्यांवरचे फोड साऱ्या देशाने छायाचित्रांत पाहिले. पण पायाला होणारी एक इजा अशी आहे की ती छायाचित्रात दिसत नाही, पुष्कळदा कागदावरही उमटत नाही. तिचाच इतिहास आज सांगावयाचा आहे.

१८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टराने एक निरीक्षण लिहून ठेवले. लांबलांब कूच करणाऱ्या शिपायांचे पाय पंजावर सुजत. पडल्याची किंवा मार लागल्याची खूण नसे, तरी पाऊल टाकवत नसे. सुजेच्या आत काय आहे हे पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते. १८९५ साली रॉन्टजेनने क्ष-किरण शोधून काढले, आणि अवघ्या दोन वर्षांनी, १८९७ साली, स्टेखोव्ह या डॉक्टराने त्या किरणांखाली दाखवून दिले की पंजातल्या लांब हाडांना चीर गेलेली असते. म्हणजे चाळीस वर्षे जिला केवळ सूज म्हटले जात होते, तो वस्तुतः अस्थिभंग होता. त्याला ‘मार्च फ्रॅक्चर’ असे नाव पडले. आज सर्वत्र ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात.

न पडता हाड मोडते कसे? हाड म्हणजे दगड नव्हे. शरीर त्यातला जुना भाग काढून टाकीत असते आणि नवा भरीत असते. भार एकाएकी वाढला की काढण्याचे काम आधी होते आणि भरण्याचे मागे पडते. त्या मधल्या दिवसांत तोच भार पुन्हा पुन्हा पडला, तर बारीक चीर जाते. तार एका झटक्याने तुटत नाही, पण तीच तार शंभरदा वाकवली की तुटते, तसाच हा प्रकार. शिवाय ही चीर पहिले दोनतीन आठवडे क्ष-किरणांतही बहुधा दिसत नाही. गडी डॉक्टरकडे जातो, फोटो स्वच्छ निघतो, आणि ‘याला काही झालेले नाही’ असे मानून त्याला पुन्हा कामावर धाडले जाते.

आता प्रश्न असा की, हे दुखणे प्रथम शिपायाच्याच पायात का सापडले? हमालाच्या, शेतमजुराच्या पायात का नाही? उत्तर सरळ आहे. शिपायाची रोज हजेरी होते, त्याला डॉक्टर असतो आणि डॉक्टरापाशी वही असते. आपल्या नाशिकरोडला तोफखान्याचे केंद्र आहे. तिथल्या नव्या जवानाने लंगडत पाऊल टाकले तर कोणीतरी ते लिहून घेईल. लासलगावला किंवा पिंपळगावला गोण्या वाहणारा लंगडू लागला, तर फार झाले तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. ज्याची नोंद होते त्याचे दुखणे शास्त्रात जाते. बाकीच्यांचे दुखणे नशिबाच्या खात्यावर पडते.

दुखण्यांची नोंद सर्व जगाने एकाच पद्धतीने करावी, हा विचारही फार जुना नाही. पॅरिसच्या जाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची यादी सिद्ध केली, ती १८९३ साली शिकागो येथील सभेत मान्य झाली. लक्षात घ्या, ती यादी मृत्यूच्या कारणांची होती. जो मेला नाही, नुसता लंगडा झाला, त्याला तीत स्थान नव्हते. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती काढली, तेव्हा जिवंत माणसाची दुखणीही रीतसर यादीत आली. योगायोग असा की आपल्या देशात कामगार राज्य विमा कायदा झाला तोही १९४८ सालीच.

पुढे दहाव्या आवृत्तीत आपल्या या चिरेला एम ८४.३ असा अंक मिळाला. आता गंमत पाहा. पायावर दगड पडून हाड मोडले तर त्याचा अंक एस ९२, म्हणजे ‘इजा’ या प्रकरणात. भार वाहून वाहून मोडले तर ते जाते ‘हाडे व स्नायूंचे रोग’ या प्रकरणात. वैद्यकदृष्ट्या ही विभागणी बरोबर असेल. मी डॉक्टर नाही. पण कामगाराच्या दृष्टीने येथेच खरा पेच आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने दोन दरवाजे ठेवले: कामावर झालेला अपघात, किंवा यादीत लिहिलेला धंदेवाईक रोग. यादीचा भर विषारी धातू, धूळ, रसायने यांवर होता. चीर पडलेला गडी पहिल्या दरवाजाशी गेला की विचारणार, ‘अपघात कोणत्या दिवशी झाला?’ दुसऱ्याशी गेला की, ‘यादीत नाव कुठे आहे?’ तो बिचारा दोन्ही दारांच्या मध्ये एका पायावर उभा! २०२० साली संसदेने सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर करून तो कायदा तीत सामावून घेतला, तरी प्रश्नाचे मूळ तेच आहे.

अमेरिकेत २०१५ पासून दहाव्या आवृत्तीचा विस्तारलेला नमुना वापरतात. त्यात उजव्या पावलाचा अंक वेगळा, डाव्याचा वेगळा. उपचार चालू आहेत की हाड भरून येत आहे, भरण्यास उशीर होत आहे की ते जुळलेच नाही, यासाठी शेवटी एकेक अक्षर. आणि चीर कशामुळे पडली, याचाही अंक जोडावा अशी सूचना आहे. ही शेवटची सूचना मला सर्वांत मोलाची वाटते. अंक हा काही न्यायाधीश नव्हे. पण कारणच लिहिले नसेल तर न्यायाधीशाच्या हाती काय उरते?

संघटनेच्या कामात माझ्या हाती येणाऱ्या चिठ्ठ्यांवर बहुधा दोनच शब्द असतात: ‘पाय दुखतो’. कोणता पाय, कोणते हाड, कधीपासून, कशाने, यांतले काही नाही. दोष एकट्या डॉक्टराचा नाही. दारात पन्नास रोगी खोळंबलेले असतात. म्हणून सांगण्याचे काम आपणच केले पाहिजे. किती वजन उचलतो, किती तास उभे राहतो, काम केव्हापासून वाढले, हे डॉक्टरला सांगावे आणि लिहून घ्या अशी विनंती करावी. पहिला फोटो स्वच्छ निघाला आणि दुखणे राहिले, तर पुन्हा जावे. प्रत्येक चिठ्ठी तारखेसह जपून ठेवावी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्यास ५५ किलोची मर्यादा सुचवली, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. ओझे मोजले गेले तेव्हा ओझ्याबद्दल बोलता आले. मोडलेल्या हाडांचेही तसेच आहे. ती मोजली जातील, तेव्हाच त्यांच्याविषयी कोणाला जाब विचारता येईल.