अ‍ॅपच्या पोटातली खतावणी : सभासद-सूचीसाठी डेटाबेस कोणता घ्यावा?

सभासद-सूची छापील पुस्तिकेऐवजी मोबाईलवर मिळावी, ही मागणी आता जुनी झाली. पुस्तिका छापून हाती येईपर्यंत काचीगुड्याचे कुटुंब मियापूरला राहायला गेलेले असते आणि घरचा लँडलाइन बंद झालेला असतो. अ‍ॅप करून देणारे हात आपल्याच घरांत आहेत. हायटेक सिटीत नोकरी करणारा मुलगा, सून किंवा भाचा बहुतेकांच्या नात्यात सापडेल. पण काम त्यांच्यावर सोपवण्याआधी एक गोष्ट कार्यकारिणीने स्वतः समजून घ्यावी, कारण ती मागाहून बदलणे फार त्रासाचे असते. फोनमध्ये माहिती कशात साठवायची, ही ती गोष्ट.

सगळी माहिती दूरच्या सर्व्हरवर ठेवून दर वेळी मागवता येते. मात्र रक्तगट शोधण्याची वेळ रुग्णालयाच्या तळघरात आली आणि तिथे नेटवर्क नसले, तर त्या सूचीचा उपयोग काय? मुंबईत एम-इंडिकेटर लोकप्रिय झाले त्यामागे हे मोठे कारण आहे. लोकलचे वेळापत्रक फोनमध्येच असल्याने ते इंटरनेटशिवाय दिसते. अ‍ॅपच्या आतच राहणाऱ्या, वेगळा सर्व्हर किंवा वेगळा कारभारी न लागणाऱ्या अशा डेटाबेसला एम्बेडेड डेटाबेस म्हणतात. कोअर बँकिंग येण्यापूर्वी प्रत्येक शाखेची लेजरे शाखेतच असत, तसाच हा प्रकार.

यातले एक जुने-जाणते नाव एसक्यूलाइट. डी. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली लिहिले. त्या वेळी ते अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेसाठी सॉफ्टवेअर करत होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रॅमही अडून बसे, म्हणून सर्व्हरच नको, असा विचार त्यांनी केला. सगळी माहिती एका फाइलमध्ये राहते. त्याचा कोड सार्वजनिक मालकीचा आहे, परवाना शुल्क नाही. आज ते अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींच्या आतच असते; अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचे संदेशही त्यातच साठतात. २००४ पासूनच्या फाइली आजची आवृत्ती वाचू शकते आणि निदान २०५० पर्यंत आधार देण्याचा त्याच्या कर्त्यांचा जाहीर संकल्प आहे.

या शेवटच्या मुद्द्यावर आम्ही भर देतो. आपल्याकडे अ‍ॅप लिहिणारा मुलगा दोन-तीन वर्षांत बेंगळुरूला किंवा परदेशी जातो. त्यानंतर येणाऱ्याला ती फाइल उघडता आली पाहिजे. रेल्म नावाचा डेटाबेस २०१४ मध्ये आला. वेगवान आणि वापरायला सोपा म्हणून तरुण मंडळींना तो आवडला. २०१९ मध्ये मोंगोडीबी कंपनीने तो विकत घेतला. सप्टेंबर २०२४ मध्ये फोन आणि सर्व्हर यांचा मेळ घालणारी त्याची सेवा गुंडाळण्याची घोषणा झाली आणि ३० सप्टेंबर २०२५ ही अखेरची तारीख ठरली. बर्कली डीबी हा त्याहून जुना डेटाबेस २००६ मध्ये ओरॅकलकडे गेला आणि २०१३ मध्ये त्याच्या परवान्याच्या अटी बदलल्या. कंपन्या त्यांच्या हिशेबाने वागतात, त्यात गैर काही नाही. पण आपली सूची त्या हिशेबावर टांगून ठेवू नये.

हाइव्हसारखी साधी 'नाव आणि किंमत' साठवणारी साधने अक्षराचा आकार किंवा पडद्याचा रंग लक्षात ठेवायला ठीक आहेत. 'नारायणगुड्यातील ओ निगेटिव्ह रक्तगटाचे सभासद' अशी चौकशी त्यांत गैरसोयीची होते.

आता विश्वासार्हता. एका खात्यात नावे टाकले आणि दुसऱ्यात जमा करण्याआधी वीज गेली तर काय होते, हे बँकेत काम केलेल्याला सांगायला नको. दोन्ही नोंदी व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये. एसक्यूलाइट हा नियम पाळते. फोनची बॅटरी मध्येच संपली तर अपुरा व्यवहार पुढच्या वेळी रद्द धरला जातो. त्याची एक रीत तर थेट आपल्या जुन्या हिशेबपद्धतीची आठवण करून देते. नवी नोंद आधी शेजारच्या वेगळ्या फाइलीत होते आणि नंतर सवडीने मुख्य फाइलीत उतरते. आधी कीर्द, मग खतावणी!

मराठीची अडचण मात्र सगळीकडे सारखी आहे आणि तिकडे कुणी लक्ष देत नाही. एसक्यूलाइट अक्षरे लावते ती त्यांच्या युनिकोड क्रमांकाने. त्यात ल नंतर लगेच ळ येतो, म्हणून काळे कासारांच्या आधी बसतात. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतरचा. क्षीरसागर क च्या घोळक्यात अडकतात. अँड्रॉइड फोनच्या भाषेनुसार क्रम लावायची सोय देते, पण आपल्यापैकी बहुतेकांचे फोन इंग्रजीत असतात. म्हणून मराठी क्रमाची किल्ली अ‍ॅपने तयार करून वेगळ्या रकान्यात ठेवावी.

दुसरी गोम 'कऱ्हाडे' सारख्या आडनावांची. काही कीबोर्ड ऱ हे वेगळे अक्षर उमटवतात, काही साध्या र ला न दिसणारे जोडचिन्ह लावतात. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधात मात्र निम्मे कऱ्हाडे हरवतात. नोंद साठवण्यापूर्वीच दोन्ही एकरूप करून घ्यावेत.

तिसरी, आणि आम्हाला सर्वांत गमतीची वाटलेली : एसक्यूलाइटच्या मजकूर-शोध सुविधेचा नेहमीचा नियम अक्षरे आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो, काना, मात्रा, वेलांटी त्यातून गळतात. मग 'काळे' शोधले की 'कोळी'ही हजर, कारण दोघांतही क आणि ळ उरतात. मात्रांनाही शब्दात धरा, असे तिला सांगता येते. तीन-चारशे कुटुंबांच्या सूचीला मात्र ही सुविधा लागतच नाही, साधा शोध पुरेसा वेगवान आहे.

तेव्हा आमची शिफारस अशी. अँड्रॉइडसाठी गूगलचा रूम हा थर, आयफोनसाठी अ‍ॅपलचा कोअर डेटा, दोन्हींसाठी एकदम फ्लटरमध्ये लिहायचे असेल तर ड्रिफ्ट घ्यावे. खाली एसक्यूलाइटच राहते.

गोपनीयतेसाठी थोडे अधिक काम आहे. एसक्यूलाइटची फाइल मुळात कुलूपबंद नसते. त्यासाठी एसक्यूएलसायफर हा मार्ग आहे. सिग्नल अ‍ॅप तोच वापरते. किल्ली फोनच्या सुरक्षित कप्प्यात ठेवावी, कोडमध्ये लिहू नये. पुसलेली नोंदही फाइलीत काही काळ तशीच पडून असू शकते, म्हणून सभासदाने नाव काढायला सांगितले तर 'सिक्युअर डिलीट' चालू आहे ना, हे विचारावे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख संमतीवर आहे. रक्तगट आणि जन्मतारीख त्या-त्या व्यक्तीला विचारूनच घ्यावी, कुटुंबप्रमुखाची एक सही सर्वांसाठी धरू नये.

बॅकअप घेताना नुसती मुख्य फाइल उचलू नये. वर सांगितलेली कीर्द तशीच मागे राहिली तर ताज्या नोंदी गहाळ होतात. एसक्यूलाइटचीच बॅकअप सोय वापरावी, प्रत दुसऱ्या फोनवर उघडून सभासद-संख्या जुळवावी आणि कुलपाच्या किल्लीची नोंद सचिव व खजिनदार या दोघांकडे असावी.