झाळणे, सांधणे आणि आर्गन

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, औद्योगिक वसाहतींकडे जाताना 'आर्गन वेल्डिंग' अशा पाट्या दिसतात. तंत्रज्ञ जिला टिग म्हणतात, त्या प्रक्रियेला कारागिरांनी वायूचेच नाव दिले. १८९४ मध्ये रॅली आणि रॅमझे यांनी शोधलेल्या या वायूच्या नावाचा ग्रीक अर्थ 'आळशी' असा आहे. तो सहसा कशाशीच संयोग पावत नाही, आणि हा आळसच जोडकामाच्या उपयोगी पडतो.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही ही विद्या शिकू लागलो, तेव्हा पहिली अडचण शब्दांची आली. 'झाळणे' म्हणावे, तर कासार वा सोनार झाळतो तेव्हा मूळ धातू वितळत नाही. टाकणखाराच्या साहाय्याने कमी तापमानाला वितळणारा दुसराच धातू फटीत उतरतो. परिभाषेतील 'वितळजोडकाम' टिगला चपखल बसते, पण लोहाराच्या सांध्याला नाही. लोहार लोखंड पांढरेशुभ्र तापवून घणाने एकजीव करतो, ते वितळू देत नाही. दख्खनच्या तोफांत हा भेद स्पष्ट दिसतो. देवगिरीवरची मेंढा तोफ ओतीव आहे, १५४९ मध्ये अहमदनगरला घडलेली मलिक-ए-मैदानही ओतीवच. विजापूरची लांडा कसाब मात्र लोखंडी पट्ट्यांवर कडी ठोकून सांधलेली. ओतकामाचे कौतुक पुष्कळ झाले. सांधणाऱ्याकडे आपल्या इतिहासलेखनाचे लक्ष फारसे गेले नाही, असे आमचे मत आहे.

टिगचा जन्म युद्धातला. विमानासाठी मॅग्नेशियम जोडायचे होते, आणि तापलेले मॅग्नेशियम हवेत पेट घेते. १९४१ च्या सुमारास अमेरिकेतील नॉर्थ्रॉप कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टनच्या टोकाभोवती हेलियमचे आवरण धरून हा प्रश्न सोडवला. टंगस्टन सुमारे ३,४०० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही, म्हणून ठिणगीचा कमान तोलून धरणे त्याला जमते. हेलियमची जागा पुढे बहुतेक ठिकाणी आर्गनने घेतली.

प्रत्यक्षात उजव्या हातात टॉर्च, डाव्या हातात भरणतार आणि पायाखाली विद्युतप्रवाहाचा खटका अशी तिहेरी कसरत असते. टोक कामापासून दोन-तीन मिलिमीटरवर राहायला हवे. ते वितळलेल्या धातूला टेकले की पुन्हा घासण्याखेरीज गत्यंतर नाही. आम्ही पहिल्या आठवड्यात जोडण्यापेक्षा घासण्याचेच काम अधिक केले. त्यात मे महिना, आणि पंखा बंद! वाऱ्याने आर्गन उडून जातो आणि सांध्यावर राखाडी कळा येते. दार मात्र थोडे उघडे ठेवावेच लागते. हा जड वायू बंद खोलीत साचला तर श्वास कोंडू शकतो.

महिन्याभराने स्टेनलेस नळीच्या दोन तुकड्यांवर सोनेरी-निळसर छटेचा रेखीव सांधा उमटला. वाळूजला दूध आणि औषधांच्या नळ्या जोडण्यात हयात गेलेल्या एका शेजारी काकांना आम्ही तो अभिमानाने दाखवला. त्यांनी वरची बाजू पाहिलीच नाही. नळीत विजेरी धरून ते म्हणाले, "पाठ जळालीय." आत काळा, दाणेदार थर होता. बाहेरून आर्गन दिला तरी नळीच्या पोकळीत हवाच होती. अशा खडबडीत थरात जंतू घर करतात, म्हणून दुधाच्या नळीत हा सांधा नापास.

दुसऱ्या दिवशी आम्ही नळीची दोन्ही तोंडे चिकटपट्टीने बंद केली, एकीकडून आर्गनची बारीक नळी आत सोडली, आणि दुसरीकडे हवा बाहेर पडायला सुईने भोक पाडले.