सुरतेची दुसरी बखर

सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. शिवाजी महाराजांनी लुटलेली मोगलांची ती पेठ. पण त्याच जिल्ह्यात याहून फार जुनी एक बखर आहे आणि ती दगडांत लिहिलेली आहे.

सुरतेच्या ईशान्येला सुमारे ४० किलोमीटरवर, मांगरोळ तालुक्यात वस्तान येथे लिग्नाइटची, म्हणजे तपकिरी कोळशाची खाण खोदली गेली. तळाशी दख्खनचा काळा कातळ आणि त्यावर सुमारे ५.४ कोटी वर्षांपूर्वी साचलेला गाळ. त्या गाळात तेव्हाचे प्राणी आणि झाडांची राळ अडकून राहिली.

भारत हा गोंडवन महाखंडाचा तुकडा. मादागास्करपासून सुटून तो उत्तरेकडे सरकला आणि आशियाला भिडला, हे आपण शाळेत शिकतो. खडकांत गोठलेल्या चुंबकत्वावरून भूमीचा तेव्हाचा अक्षांश काढता येतो. पण शेजार कोणाचा होता, हे जीवाश्मच सांगतात. भारत दीर्घकाळ अगदी एकाकी बेट असता, तर मादागास्करच्या लेमूरांसारखे इथले सगळेच जीव जगावेगळे निघायला हवे होते.

वस्तानच्या राळेत सापडलेल्या शेकडो कीटकांवरचे संशोधन २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यांतल्या अनेकांचे नातलग युरोपात, आशियात, अगदी अमेरिकेतही निघाले! म्हणजे पूर्ण धडक बसण्याआधीच ये-जा सुरू झाली होती, बहुधा मधल्या बेटांच्या आधाराने. मात्र २००५ साली सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी नाव दिलेला कॅम्बेथेरियम हा खूर असलेला पशू भारतीय उपखंडाबाहेर सापडलेला नाही. घोडे आणि गेंडे यांच्या कुळाचा तो जवळचा भाऊबंद, असे २०१४ साली केनेथ रोज आणि सहकाऱ्यांनी दाखवले. तेव्हा त्या कुळाचे मूळ घर भारतातच असेल काय, हा प्रश्न उभा राहतो.

आम्हा गोवेकरांना खाणी नव्या नाहीत. आमचे लोहखनिजही मूळचा प्राचीन समुद्रतळाचा गाळच. मांडवीतून बार्जेस भरभरून तो गेला, तेव्हा आपण फक्त टन मोजले. वस्तानचा कोळसाही विजेसाठी जळाला. खाण खणली नसती तर ही बखर उघडलीच नसती, हे खरे. पण यंत्राला पान आणि माती यांतला फरक कळत नाही. तो कळणारा माणूस खाणीच्या काठावर वेळेत उभा असायला हवा.